बारा चित्रांची नजर

कोल्हापूरच्या नेत्रसंस्थेतल्या लांब गॅलरीत माझी बहीण त्या सकाळी चौदा वेळा न अडखळता चालून गेली आणि चौदाव्या खेपेला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी वाजवल्या, परिचारिकांनी वाजवल्या, आणि ताईची सून ऋजुता तर टाळ्या वाजवता वाजवता डोळे पुसत होती. मीही वाजवल्या. पण माझं लक्ष ताईच्या पावलांकडे होतं. वैजयंतीताईच्या कीर्तनाला मी चाळीस वर्षं पेटीची साथ करतो आहे, तिचं पाऊल कसं पडतं ते मला पाठ फिरवूनही कळतं. त्या गॅलरीत ते दादऱ्यात पडत होतं. सहा मात्रा, पुन्हा सहा मात्रा. दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर खुर्ची चुकवायची, सहाव्याच्या समेवर वळायचं. खुर्च्या कुठे मांडल्यात ते तिने पहिल्या दोन खेपांत हाताने चाचपून घेतलं होतं आणि पुढच्या सगळ्या खेपा ती मोजून चालली होती.

डोळ्यांचा त्यात काही संबंध नव्हता.

ताईची नजर गेली ती हळूहळू. पस्तिशीत संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग कडेकडेने काळोख आत सरकत आला, आणि पन्नाशीपर्यंत देवापुढल्या समईची ज्योतसुद्धा उरली नाही. कीर्तन मात्र एक दिवस थांबलं नाही. आख्यानं तोंडपाठ होती आणि संगमेश्वरला आमच्या वरच्या आळीतल्या राममंदिराचा सभामंडप पायांना पाठ होता. नारदाच्या गादीवर उभी राहिली की ती आंधळी आहे हे परगावच्या माणसाला सांगावं लागायचं. तिचा मुलगा केदार जहाजावर इंजिनियर, वर्षातले आठ महिने समुद्रात. त्याचं लग्न झालं तेव्हा ताईने सुनेचं मनगट दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं होतं आणि म्हणाली होती, मुलगी जेवत नाही वाटतं.

ऋजुता नेत्रसंस्थेत यंत्रांचे प्रोग्राम लिहायची. सासूच्या डोळ्यांत बसेल असं काही निघतंय म्हणून नव्हे, आधीपासूनच ती त्या कामात होती. पण काम पुरं होत आलं तेव्हा पहिल्या पाच जणांत ताईचं नाव लागलं.

हे यंत्र काय आहे ते मला समजलं तेवढं सांगतो. ताईच्या आजारात डोळ्याच्या पडद्यावरच्या, उजेड टिपणाऱ्या पेशी मरतात, पण त्यांच्यामागे मेंदूकडे निरोप पोचवणाऱ्या पेशी बऱ्याच शाबूत राहतात. त्यांना टेकून एक चकती बसवतात. ताई तिला तीळ म्हणते, कारण ती तिळाएवढीच आहे. चष्म्याच्या दांडीत कॅमेरा, कमरेला साबणाच्या वडीएवढी डबी, आणि डबीकडून तिळाकडे चित्र. तीळ ते चित्र विजेच्या बारीक टोचण्यांनी पेशींना सांगतो. करडं, ठिपक्याठिपक्यांचं, पण चित्र. अडचण एकच. कॅमेरा सेकंदाला साठ चित्रं काढतो, आणि इतकी वर्षं बेकार बसलेल्या त्या पेशींना सेकंदाला बारापेक्षा जास्त सोसत नाहीत. जास्त दिली की त्या थकतात आणि सगळं धुरकट होऊन जातं. म्हणून डबीने साठांतली बारा ठेवायची, बाकीची सोडून द्यायची. दर पाचवं चित्र पुढे, मधली चार गाळलेली. हा गाळण्याचा प्रोग्राम ऋजुताचा.

तीळ पहिल्यांदा चालू केला तेव्हा प्रयोगशाळेत ती समोर बसली होती. ताई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, नाक चांगलं धारदार आहे की तुझं. केदारने मला बसकं सांगितलं होतं." सगळी प्रयोगशाळा हसली. ऋजुता मात्र हसली नाही, ती नाकाला हात लावून तशीच बसली.

तर त्या चौदा खेपांनंतर आम्ही घरी निघालो. ऋजुता मागे थांबली होती, अहवाल भरायला. तीन आठवड्यांनी तज्ज्ञांची समिती बसणार होती. समितीने हो म्हटलं की डबीतला प्रोग्राम मोहोरबंद व्हायचा, पुढची तीन वर्षं त्यात कुणालाच हात लावता यायचा नाही, आणि वाट बघत असलेल्या एकतीस माणसांच्या डोळ्यांत तीळ बसायला सुरुवात व्हायची. आंबा घाटात बॅटरीची बस आवाज न करता उतरत होती. ताईने चष्म्यावरून पदर ओढून घेतला होता. डोळे मिटून उपयोग नसतो, कॅमेरा चष्म्यात असतो ना.

मी विचारलं, "दादरा होता ना?"

घाट उतरून साखरप्याच्या अलीकडे पोचलो तेव्हा ती म्हणाली, "कळलं तुला, श्रीपू?"

"चाळीस वर्षं काय पेटीत डोकं घालून बसलोय?"

मग तिने सांगितलं. प्रयोगशाळेत सगळं छान दिसतं. बाहेर आलं की चित्र नाचतं. समोरून माणूस येत असला तर जरा वेळ तो जागच्या जागी रेंगाळतो, आणि मग एकदम अंगावर येतो. हात उचलला तर तो वर जातो, थबकतो, आणि भलतीकडेच निघतो. गॅलरीत एकाआड एक खिडक्या, उन्हाचा पट्टा, सावलीचा पट्टा, तिथे तर जमीनच पायाखालून धावत होती. ओकारी येईल म्हणून तिने बघणं सोडून दिलं आणि मोजायला लागली.

ऋजुताला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली की पोरीने अडीच वर्षं त्यात घातलीत, आणि दर वेळी इतक्या आशेने विचारते, आई, नीट दिसतंय ना. विचारतानाचा तिचा आवाज ऐकलास तर तूही हो म्हणशील. शिवाय तिला भीती होती. नाही म्हटलं तर तीळ बंद करतील. तुळस दिसते, ताटातला भात दिसतो, सुनेचं नाक दिसतं. नाचेना का, पण दिसतं.

मीही ऋजुताला काही कळवलं नाही. खरं तर मला ते पटलं होतं.

रामनवमी समितीच्या बैठकीच्या नऊ दिवस आधी आली. जन्मकाळाचं कीर्तन आमच्याकडे दहाला उभं राहतं आणि बरोबर बाराच्या ठोक्याला रामजन्म व्हावा लागतो. पाळण्याची दोरी, गुलाल, फुलं, घंटा, सगळं त्या एका क्षणी. पाच मिनिटं आधी नाही, पाच मिनिटं मागे नाही. कीर्तनकाराची खरी परीक्षा ती असते. ताईने जन्मकाळाच्या सव्वीस वर्षांत एकदाही वेळ चुकवली नव्हती. नजर गेल्यापासून तिला घड्याळ दिसत नाही, म्हणून आमच्या दोघांत एक खूण आहे. दर पाव तासाला मी पंचमावर बोट जरा रेंगाळू देतो. ऐकणाऱ्याला वाटतं पेटीवाल्याचा भाव दाटून आला. ताईला कळतं, सव्वाअकरा.

त्या वर्षी उत्सव समितीने आग्रह धरला की चष्मा लावून उभ्या राहा, लोकांना पाहायचंय. ताई उभी राहिली. नमन झालं, निरूपण सुरू झालं. सभामंडपात आत अंधुक, समया आणि लोकांच्या पाठी, आणि पूर्वेच्या दारातून चैत्राचं ऊन सरळ आत. मध्यंतरात हार घालायला बाया पुढे आल्या तशी ताई अंधाराकडून दाराकडे वळली, आणि मी पाहिलं, तिचा हात हवेत काहीतरी धरायला गेला. जे धरायचं होतं ते तिथे नव्हतं. ती पुढे कलली. तबलजीने डावा हात पुढे केला नसता तर गादीवरून खाली आली असती. सभामंडपातलं कुजबुजणं थांबलं. ताईने शांतपणे चष्मा काढला, घडी घातली, माझ्या पेटीवर ठेवला, आणि झांज हातात घेऊन आख्यानाचं पद उचललं. पुढचा सव्वा तास ती नेहमीसारखी, न बघता, बिनधास्त उभी होती. मधे गावकऱ्यांचा सत्कार घुसला, त्यात बारा मिनिटं गेली. तरीही बाराचा ठोका आणि पाळण्याची दोरी एकदमच ओढली गेली. गुलालात माझी पेटी लाल झाली.

ऋजुता बायकांत बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं.

देवळामागच्या खोलीत सुंठवडा वाटायला घेतला होता, तिथे ती आली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, किती दिवसांपासून. ताईने सांगितलं, पहिल्या दिवसापासून. चौदा खेपांचंही सांगून टाकलं. ऋजुता भिंतीला टेकून खाली बसली, नवी साडी गुलालात. म्हणाली की तिने अहवालावर सही केलीय, तिला वाटलं होतं निदान घरात तरी तिला कुणी खरं सांगेल. ताईने मान खाली घातली. चाळीस वर्षं दोनदोनशे माणसं जिच्यापुढे गप्प बसतात तिला मी असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

मी सुंठवड्याचा एक द्रोण ऋजुताच्या हातात दिला. शेवटी ऋजुताच, काहीतरी बोलायचं म्हणून, जरा रागानेच म्हणाली, "आणि तो सत्कार मधे आला, बारा मिनिटं गेली, तरी बारा वाजता बरोबर कसं आणलंत तुम्ही? काय गाळलंत?"

ताई म्हणाली, "मोजून नाही गाळत मी. दर तिसरं पद सोडलं तर कथा लंगडेल ना. श्रीपूचा पंचम ऐकते. साडेअकरा झाले की दशरथ यज्ञाला बसलेलाच हवा. तेव्हा हाताशी जे असेल त्यातलं यज्ञाच्या सगळ्यात जवळचं उचलते. मागे काय राहिलं, किती राहिलं, ते बघतच नाही. घड्याळ माझं मी चालवते, कथा त्यावर बसवते."

ऋजुताच्या हातातला सुंठवड्याचा द्रोण कलला. तिने तो सरळ केला नाही.

"मी पदं मोजत होते," ती म्हणाली.

नंतर ओसरीवर बसून तिने मला समजावलं, आणि मी तेव्हा मान डोलावली त्यापेक्षा आता मला ते जास्त कळतं. कॅमेरा साठ चित्रं काढतो, पण भरपूर उजेड असेल तेव्हाच. अंधुकात त्याला एकेका चित्रासाठी जास्त वेळ डोळा उघडा ठेवावा लागतो. मग चित्रं उशिरा येतात, आणि सारख्या अंतराने येत नाहीत. कधी दोन लागोपाठ, कधी मधे मोठी फट. डबी मात्र बिचारी मोजत बसली होती. एक, दोन, तीन, चार, पाचवं पुढे. त्या पाचांत कधी सेकंदाचा बारावा भाग गेलेला असे, कधी पाव सेकंद. आणि तीळ ती सगळी चित्रं सारख्याच अंतराने दाखवायचा. पाव सेकंदात चाललेला माणूस बाराव्या भागात दाखवला तर तो उडीच मारणार. प्रयोगशाळेत दिवे कायम सारखे, म्हणून तिथे हे कधी दिसलंच नाही. प्रत्येक चित्रावर ते कधी काढलं याची वेळ कॅमेरा स्वतःहून लिहून देतो. बॅटरी वाचावी म्हणून ऋजुतानेच ती वेळ पहिल्या पायरीवर पुसून टाकली होती.

पुढचे आठ दिवस ती कोल्हापूरला गेली नाही. तिच्याजवळ चाचणीची एक वेगळी डबी होती, ती रोज तासभर वापरायची परवानगी होती. नव्या प्रोग्राममध्ये डबीने स्वतःचं घड्याळ चालवायचं, सेकंदाला बारा ठोके. प्रत्येक ठोक्याला आजूबाजूला बघायचं, या वेळेच्या सगळ्यात जवळचं चित्र कोणतं. तेच पुढे. चित्रांची संख्या कुणी विचारायची नाही.

दिसायला हलणारं काहीतरी हवं, म्हणून मला अंगणात फिरायला लावलं. मी दारातून सावलीत, सावलीतून उन्हात, हातात कधी कळशी, कधी केरसुणी. आळीतल्या लोकांनी विचारलं, श्रीपादराव, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय का. मी हो म्हणालो.

पहिल्या दिवशी उड्या पुष्कळ कमी झाल्या, पण अंधुकात मधेमधे हिसका राहिला, कारण ठोक्याच्या जवळपास चित्रच नसायचं. मग ऋजुताने दोन शेजारची चित्रं मिसळायला सुरुवात केली. ठोका ज्याच्या जास्त जवळ त्याचा वाटा जास्त. ताई म्हणाली, छान चाललाय, पण श्रीपूला चार हात आलेत, देव दिसतोय अगदी. तेव्हा ऋजुताने ठरवलं की जवळ चित्र असेल तर ते एकटंच घ्यायचं, फट मोठी असेल तेव्हाच मिसळायचं. आणखी एक गोष्ट होती. पुढचं चित्र येईपर्यंत थांबायचं तर उशीर होणार. तो उशीर कधी कमी, कधी जास्त असला की ताईला पुन्हा गरगरायचं. ऋजुताने मुद्दाम थोडा जास्त उशीर ठेवला, पण नेमका, दर वेळी तेवढाच.

ताईला ते लगेच पटलं. "श्रीपूसारखं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं माझ्या अर्धी मात्रा मागे आहे. पण अर्धीच. कधी पाऊण झाली नाही, म्हणून तर निभलं."

मी कळशी आपटली. दोघी इतक्या हसल्या की ऋजुताला डबी बंद करावी लागली. सातव्या दिवशी ताई चष्मा लावून अंगणाच्या पायऱ्या उतरली, सावलीतून उन्हात गेली, आणि मी वाटेत आडवी ठेवलेली केरसुणी उचलून भिंतीला लावून परत आली. तिने ते काही सांगितलं नाही. मीच पाहिलं.

पण समितीसमोर जायची होती ती जुनी डबी. अहवाल गेला होता, चौदा खेपा त्यात होत्या. नियम ऋजुताने आम्हाला वाचून दाखवला. अहवाल मागे घेतला तर चाचणी पहिल्यापासून, आणि त्याआधी नवा प्रोग्राम नुसत्या यंत्रावर तपासायला किमान सहा महिने. सदोष ठरलेलं यंत्र तोवर कुणाच्या शरीरात चालू ठेवायचं नाही. आणि सहा महिने टोचणी थांबली तर त्या पेशी पुन्हा जाग्या होतील याची हमी कुणीच देत नाही.

त्या दुपारी मी ताईला सांगितलं की गप्प राहा. मला अजून त्याची लाज वाटते, पण मी सांगितलं. ऋजुताही खालच्या आवाजात म्हणाली की मंजुरी मिळू द्या, मग तुमच्या डबीत नवा प्रोग्राम मी गुपचूप घालीन, कुणाला कळणार नाही.

ताईने विचारलं, "आणि त्या एकतीस जणांच्या डब्यांत कोण घालणार?"

ऋजुताने डबीचं झाकण लावलं. मग अहवालाच्या पुरवणीचा कोरा कागद पुढे ओढला. मला वाटतं, तिला तेव्हा ताईकडून तेच ऐकायचं होतं.

समितीच्या अध्यक्ष डॉ. नूलकर म्हणून होत्या. पांढरे केस, बोलणं तुटक. मोठ्या टेबलाभोवती सात माणसं, आणि भिंतीवर ताई गॅलरीतून चालतानाचं चित्रण. ते संपल्यावर एकदोघांनी अभिनंदन केलं. ताई उठून उभी राहिली. कीर्तनाला उभी राहते तशीच, पावलं जुळवून, फक्त हातात झांज नव्हती.

"मी चौदा वेळा चालले ते डोळ्यांनी नाही," ती म्हणाली. "गॅलरी मी पाठ केली होती."

एक सदस्य हसून म्हणाले की आकडे उत्तम आहेत, बाईंचा स्वभाव विनयाचा दिसतो. डॉ. नूलकर हसल्या नाहीत. त्यांनी गॅलरीतल्या खुर्च्या हलवायला सांगितल्या आणि ताईला पुन्हा चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला ताईचा गुडघा खुर्चीवर आदळला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. ती पडली नाही. खुर्ची हाताने बाजूला सारून ती तशीच उभी राहिली.

मग ऋजुता उठली आणि सगळं तिने सांगितलं. वेळ कुणी पुसली, का पुसली, नवा प्रोग्राम काय आहे. चूक तपासनिसांची नाही, रुग्णाची नाही, माझी आहे, असं तिने लिहून आणलं होतं आणि ते तिने न अडखळता वाचलं.

डॉ. नूलकरांनी ताईला विचारलं की मंजुरी हातात होती, मग सांगितलंत का.

ताई म्हणाली, "मला ताल येतो, म्हणून मी फसवू शकले. माझ्यामागे एकतीस माणसं आहेत. त्यांना कदाचित गाता येत नसेल. ती कशाच्या आधाराने चालणार?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आयुष्यात मी तिची हजारभर कीर्तनं ऐकली असतील, लोक ढसाढसा रडलेले पाहिले असतील. पण माझ्या बहिणीचं सगळ्यात मोठं कीर्तन मला विचाराल तर ते हे, चार वाक्यांचं, पेटीशिवाय.

निर्णय त्याच दुपारी झाला. चाचणी नव्या प्रोग्रामवर पहिल्यापासून. ऋजुताकडून काम काढून घेतलं नाही, उलट तिनेच ते पुरं करायचं ठरलं. पाचही जणांचे तीळ तोवर बंद. ताईचा तीळ बंद करायचं बटण ऋजुतालाच दाबायचं होतं, नोंदीप्रमाणे तीच तंत्रज्ञ होती. प्रयोगशाळेत, त्या सारख्या उजेडाच्या दिव्यांखाली, दोघी समोरासमोर बसल्या.

ताई म्हणाली, "हलू नकोस."

ऋजुता हलली नाही. श्वाससुद्धा तिने जपून घेतला असावा. ताईने तिचं कपाळ पाहिलं, भुवया पाहिल्या, हनुवटीवर बराच वेळ थांबली, जसं देवळातून निघताना मागे वळून बघतात. मग म्हणाली, "हं. कर आता."

सहा महिन्यांचे साडेसात झाले. मार्गशीर्षात तीळ पुन्हा चालू केला तेव्हा डाव्या बाजूच्या पेशी जाग्या झाल्या नाहीत. त्या अजूनही झाल्या नाहीत, आणि होतील असं आता कुणी म्हणत नाही. ताईला डावीकडे करडा पडदा दिसतो. उजवीकडचं चित्र मात्र उन्हात आणि सावलीत सारखंच चालतं, त्यात हिसका नाही. ऋजुताने अर्ध्या नजरेबद्दल रडून घेतलं तेव्हा ताई तिला म्हणाली की पूर्वी पाव नजर होती आणि तीही नाचरी, बाजारात विचार, अर्धी कुठे स्वस्त मिळते का. नव्या चाचणीत पाचही जण वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या उजेडांत चालले. खुर्च्या दर खेपेला हलवल्या. तो नियम डॉ. नूलकरांनी घातला, आणि आता तो सगळीकडे पाळतात.

पुढल्या वर्षीच्या वैशाखात नार्वेकर मास्तर आमच्याकडे आले. लांज्याचे, निवृत्त भूगोलाचे शिक्षक, एकतिसांच्या यादीतले पहिले. तीळ बसून त्यांना दोन महिने झाले होते. सोबत त्यांच्या पत्नी. ऋजुता कोण, हे त्यांनी विचारलं, आणि ती समोर आल्यावर उभे राहून तिला नमस्कार केला. ती एवढी गोंधळली की चहा ठेवते म्हणून आत पळाली. किटली घेऊन आली तेव्हा मास्तरांनी ती तिच्या हातातून घेतली. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, देऊ नका हो, दोन महिने आल्यागेल्याला हेच चहा ओततायत, शेजारी कंटाळले. मास्तर म्हणाले, अकरा वर्षं दुसऱ्याच्या हातचा प्यालो, आता सगळ्या कोकणाला पाजणार.

त्यांनी पहिला कप ताईपुढे ठेवला आणि ओतायला सुरुवात केली. धार बारीक आणि सलग होती. ती बघता बघता मास्तरांना बोलायचा मोह आवरेना, भूगोलाचा मास्तर तो. समितीत तुम्ही काय म्हणालात ते आम्हाला डॉ. नूलकरांनी सांगितलं, असं म्हणत ते ताईच्या तोंडाकडे वळले. धार चालूच होती. कप भरत आला. मी पुरे म्हणायला तोंड उघडलं.

"पुरे, मास्तर," ताई म्हणाली. "काठाशी आलाय."

मास्तरांनी किटली सरळ केली. बशीत थेंब सांडला नव्हता. ऋजुता दारात उभी होती, हातात पोह्यांच्या बशा, आणि मी उघडलेलं तोंड तसंच मिटून घेतलं.